आर्किओप्टेरिक्सला कावळ्याचा पणजोबा करू नका! जीवाश्म पक्ष्यांवर लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी विज्ञानाचे लेख तपासायचं काम मी गेली बारा-तेरा वर्षं करतेय. दरवर्षी एक तरी लेख पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर येतो आणि दरवर्षी त्यात बाणांची तीच साखळी असते. डावीकडे सरडा, मग डायनोसॉर, मग आर्किओप्टेरिक्स हा पिसांचा जीवाश्म पक्षी, शेवटी कावळा नाहीतर कोंबडी. गेल्या वर्षी एका नव्या लेखकाने अंक छपाईला जायच्या दोन दिवस आधी ही साखळी पाठवली. फोन केला तर म्हणतो, "ताई, वाचकांना सोपं करून सांगायला नको का?" सोपं करा की. चुकीचं कशाला करताय?

फोटो निघाला म्हणजे पणजोबा नव्हे

आमच्या गावच्या घरी ओसरीवर एका पगडीवाल्या गृहस्थांचा फोटो होता. आम्ही मुलं त्यांना पणजोबा समजायचो, पितृपंधरवड्यात त्यांना हारही पडायचा. मी कॉलेजात असताना आत्याने सहज सांगितलं, "अगं, हे पणजोबा नव्हेत. त्यांचे चुलतभाऊ. मूलबाळ नव्हतं त्यांना. पणजोबांनी जन्मात फोटो काढला नाही." नाक मात्र थेट आमच्या घराण्याचं होतं.

जीवाश्मांचं असंच असतं. जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनला पंधरा कोटी वर्षांपूर्वी उथळ खाजणं होती. तळाशी चुन्याचा इतका बारीक गाळ की त्यात पिसाचा केसन् केस उमटला. त्याच गाळाचा पुढे जो दगड झाला तो शिळाप्रेससाठी जगभर गेला. आर्किओप्टेरिक्सच्या नावापुढचं 'लिथोग्राफिका' तिथूनच आलं. १८६१ साली हेरमान फॉन मायर यांनी या दगडातल्या एका पिसाचं वर्णन छापलं, त्याच वर्षी जवळपास अख्खा सांगाडाही उजेडात आला. डार्विनचा ग्रंथ येऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे गाजावाजा झाला तो रास्तच. पण सोल्नहोफेनच्या गाळाने ज्याचा फोटो काढला, तो आजच्या पक्ष्यांचा थेट पूर्वज असेलच असं नाही. त्याच काळातल्या इतर हजारो जातींचा फोटो निघालाच नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. २०२५ साली चीनच्या फुजियान प्रांतातून 'बामिनॉर्निस'चं वर्णन आलं. वय साधारण १४.९ कोटी वर्षं, म्हणजे आर्किओप्टेरिक्सच्याच पिढीतला म्हणा. आर्किओप्टेरिक्सची शेपटी सरड्यासारखी लांब, मणक्या-मणक्यांची. बामिनॉर्निसची आखूड, टोकाचे मणके जुळून आजच्या पक्ष्यासारखा एकच तुकडा झालेला. म्हणजे सोल्नहोफेनचा फोटो निघाला तेव्हा भाऊबंद आधीच वेगळे राहायला गेले होते.

माझी सवय सांगते. 'पासून' हा शब्द दिसला की मी लाल पेन उचलते. 'आर्किओप्टेरिक्सपासून पक्षी झाले' हे खोडून 'पक्ष्यांच्या मूळ घराण्याजवळचा' असं लिहिते. आकृतीतले बाण काढून फांद्या काढायला लावते, आणि प्रत्येक जीवाश्म फांदीच्या टोकाला, बुंध्यावर कधीच नाही. तो लेखक कुरकुरला. अंकात फांद्याच गेल्या.

'हरवलेला दुवा'

हा शब्दप्रयोग सरळ गाळा. साखळीच नाही तर दुवा कसला हरवतोय?

एका हाडावरून निकाल देणं

ही माझी दुसरी दुखरी नस, आणि इथे मी नवशिक्यांवर फारशी चिडत नाही, कारण मोठमोठे लोकही यात घसरलेत.

१८७२ साली अमेरिकेत कॅन्ससच्या खडूच्या थरातून आलेल्या एका छोट्या पक्ष्याची हाडं जीवाश्मतज्ज्ञ ओथनील मार्श यांच्याकडे पोचली. सोबत दात असलेला जबडा. पक्ष्याला दात कसे असतील? म्हणून मार्श यांनी अंग पक्ष्याचं ठरवलं, 'इक्थिऑर्निस' नाव दिलं, आणि जबडा एका समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा ठरवून त्याचं वेगळं बारसं केलं. काही महिन्यांनी दगड आणखी साफ केल्यावर कळलं की दोन्ही एकाच प्राण्याचं आहे. दात असलेला पक्षी! पुढे डार्विनने मार्शना पत्र लिहून या शोधाची मनापासून तारीफ केली.

याहून महाग पडली ती गळ्याच्या हाडाची चूक. रश्शातल्या कोंबडीच्या छातीच्या वरच्या टोकाशी इंग्रजी 'व्ही'सारखं एक नाजूक हाड सापडतं. ते म्हणजे दोन्हीकडची गळ्याची हाडं जुळून झालेलं एकच हाड. डेन्मार्कच्या गेरहार्ड हाइलमान यांनी पक्ष्यांच्या उगमावर मोठा ग्रंथ लिहिला, १९२६ मध्ये तो इंग्रजीत आला. त्यांना पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांच्यात साम्यच साम्य दिसत होतं. पण डायनोसॉरना गळ्याची हाडं नव्हती असा तेव्हाचा समज, आणि एकदा गेलेला अवयव परत येत नाही हा नियम. झालं. या एका हाडापायी डायनोसॉर बाद ठरले आणि पुढची चाळीसेक वर्षं बहुतेक सगळे तेच पढत राहिले.

गंमत म्हणजे ते हाड तेव्हाच छापून आलेलं होतं. मंगोलियात सापडलेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरच्या १९२४ सालच्या वर्णनात त्याचं चित्र आहे, फक्त त्याला वेगळंच हाड समजलं गेलं. त्याच ओव्हिरॅप्टरवर दुसराही अन्याय झाला: अंड्यांच्या ढिगाजवळ सापडला म्हणून नाव पडलं 'अंडीचोर'. १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात त्याच्याच कुळातलं पिल्लू निघालं. तो चोर नव्हता, बहुधा आई किंवा बाप होता.

कोंडी फोडली ती अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी. १९६९ मध्ये त्यांनी डायनोनिकस या मांसाहारी डायनोसॉरचं वर्णन केलं, त्याच्या मनगटात अर्धचंद्रासारखं हाड होतं. पक्षी पंख मिटताना हात ज्या हाडावरून बाजूला वळतो, तेच. पण ऑस्ट्रॉम यांनी एका मनगटावर डोलारा उभा केला नाही. खांदा, हात, कंबर, घोटा असं सगळं आर्किओप्टेरिक्सशेजारी ठेवून पाहिलं. आज गळ्याचं ते जुळलेलं हाड टी-रेक्सलाही होतं हे माहीत आहे. म्हणजे ज्याला आपण 'पक्ष्याचं अंग' म्हणतो ते उडण्याच्या कितीतरी आधीपासून सुटं सुटं जमत आलं: आधी पोकळ हाडं, मग गळ्याचं हाड, पिसं, वळणारं मनगट. दात तर फार उशिरा गेले, तेही निरनिराळ्या घराण्यांत वेगवेगळे. चीनच्या साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या कन्फ्युशिऑर्निसला दात नाहीत आणि त्यानंतर चारेक कोटी वर्षांनी आलेल्या इक्थिऑर्निसला आहेत. म्हणून 'दात आहेत म्हणजे जुना' हे गणित चालत नाही.

माझ्याकडे बिस्किटाच्या जुन्या डब्यात रश्शातून वेचलेली, उकळून वाळवलेली कोंबडीची हाडं आहेत. कार्यशाळेत आधी ती हातात देते, मग स्लाइड. "मॅडम, थेट जीवाश्मच दाखवा ना" म्हणणारे दोघं-तिघं असतातच. त्यांना सगळ्यात शेवटी दाखवते.

दगडावर दिसतंय ते खरंच मानणं

आता माझी स्वतःची फजिती. १९९९ च्या ऑक्टोबरात 'आर्किओरॅप्टर' जाहीर झाला: पुढून पक्षी, मागून डायनोसॉरची शेपूट. चीनच्या लिआओनिंगमधून चोरट्या मार्गाने अमेरिकेत आलेला आणि टुसॉनच्या खनिज बाजारात ८०,००० डॉलरना विकला गेलेला दगड. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने नोव्हेंबरच्या अंकात थाटात छापला. थोड्याच दिवसांत चिनी जीवाश्मतज्ज्ञ श्यू शिंग यांना चीनमध्ये त्याच शेपटीची दुसरी पाळ सापडली. पातळ दगड फुटला की दोन पाळ्या होतात, दोन्हीवर एकाच प्राण्याचा ठसा. आणि या पाळीवर शेपटीच्या पुढे पक्षी नव्हताच, तिथे एक छोटा डायनोसॉर होता. विकणाऱ्याने दोन-तीन प्राणी डिंकाने जोडून भारी किमतीचा एक केला होता. पुढचा भाग 'यानॉर्निस' या पक्ष्याचा निघाला, शेपूट मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरची. यातला दैवदुर्विलास असा की दोन्ही प्राणी सुटे सुटे खरोखरच मोलाचे होते.

हे सगळं पाठ असलेली मी, भाच्याकडे परदेशी गेले असताना खनिजांच्या जत्रेत एक 'कन्फ्युशिऑर्निस' घेऊन आले. वहीएवढी पाटी, मधोमध पक्षी, मागे दोन लांब फितीसारखी पिसं. स्वस्त होती, तिथेच शंका यायला हवी होती. शिवाय चीनमधून असे जीवाश्म परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत, म्हणजे खरा निघाला असता तर ती आणखी लाजिरवाणी गोष्ट. घरी आल्यावर भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावलं आणि म्हणाली, "नेलपॉलिश रिमूव्हर आहे का गं?" कापसाचा बोळा फिरवला. दोन्ही लांब पिसं कापसावर आली, तपकिरी रंगात. मग तापवलेली सुई पायाच्या हाडाला टेकवली तर प्लास्टिक जळाल्याचा वास. खरं असं चारच काड्या होत्या, त्याही माशाच्या.

तेव्हापासून माझा नेम असा: फोटो कितीही सुंदर असो, तो कोणत्या संग्रहालयात आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय हे शोधायचं. न सापडल्यास चित्र वापरायचं नाही. संग्रहालयाची चिठ्ठीसुद्धा शेवटचा शब्द नसते. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टेयलर संग्रहालयातला एक तुकडा शंभरेक वर्षं टेरोडॅक्टिलस या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा म्हणून पडून होता. १९७० मध्ये ऑस्ट्रॉम यांनी तो आर्किओप्टेरिक्स असल्याचं ओळखलं. २०१७ मध्ये तोही निराळा ठरला आणि त्याला ऑस्ट्रॉम यांचंच नाव मिळालं, 'ऑस्ट्रोमिया'.

'आमच्या टेकडीवर पिसाचा जीवाश्म सापडला'

महिन्याला एक तरी असा फोटो व्हॉट्सॅपवर येतो. दगडाच्या फटीत काळसर, सुरेख, झाडासारखी नक्षी. ती मँगनीजची असते. फटीतून पाणी झिरपतं, खनिज साचतं, फांद्यांना फांद्या फुटत जातात. पिसाला मधे एक दांडा असतो आणि दोन्हीकडचे केस एका तिरक्या कोनात, ओळीने. आपला दख्खनचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात पक्ष्याचं पीस टिकायचं कसं? लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, पण टेकडीवरच्या काळ्या फत्तरात शोधू नका.

महाराष्ट्रातल्या जुन्या पक्ष्याची खूण हवी असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला जा. तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. हो, शहामृग, खानदेशात. त्याचं वय कार्बनने काढता येतं. आर्किओप्टेरिक्सचं नाही! कार्बनची मजल साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. लिआओनिंगच्या पक्ष्यांचं वय त्या थरांतल्या ज्वालामुखीच्या राखेवरून, आर्गॉनच्या मोजणीने काढतात. 'कार्बन डेटिंगनुसार १२ कोटी वर्षं' हे वाक्य मी आजवर सात लेखांतून काढलंय.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

टेरोसॉर, म्हणजे टेरोडॅक्टिलसच्या गटातले उडणारे सरपटणारे प्राणी, पक्षी नव्हेत, डायनोसॉरही नव्हेत. त्यांचा पंख म्हणजे एका लांबलचक बोटावर ताणलेली कातडी.

'पक्ष्यासारख्या कंबरेचे' डायनोसॉर हे पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत, पक्षी आले ते 'सरड्यासारख्या कंबरेच्या' गटातून. नाव ठेवणाऱ्यांनी आपली पंचाईत करून ठेवलीय, इलाज नाही.

पिसं उडण्यासाठी आली असं लिहू नका. १९९६ च्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या अंगावर नुसती लव होती, पंख नव्हतेच. त्याच्या शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टे पिसांतल्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांवरून २०१० मध्ये कळले, तेव्हा 'रंग कधीच कळत नाही' हेही जुनं झालं. मात्र एकाचा कळला म्हणून सगळ्यांना मोरपंखी रंगवू नका.

'डायनोसॉर मेले, पक्षी वाचले' हे अर्धंच. ६.६ कोटी वर्षांपूर्वी पक्ष्यांतलीही मोठमोठी घराणी बुडाली. खांद्याच्या हाडांची जोडणी उलटी असलेले 'उलटे पक्षी' तेव्हा जगभर होते, त्यातला एकही उरला नाही. वाचलेल्यांच्या नातलगांत बेल्जियमचा अॅस्टेरिऑर्निस येतो. कोंबडी-बदकांच्या जवळचा, त्या आपत्तीच्या जेमतेम सात लाख वर्षं आधीचा. त्याची कवटी दगड न फोडता स्कॅनमध्ये दिसली, २०२० मध्ये जाहीर झाली.

दक्षिण अमेरिकेतल्या होआत्झिन या पक्ष्याच्या पिल्लाच्या पंखाला नखं असतात म्हणून त्याला 'जिवंत आर्किओप्टेरिक्स' म्हणू नका.

आणि लेख दसऱ्याला नको, गणपतीच्या आत पाठवा. बाण खोडायला वेळ लागतो.