रूममेट गप्प गप्प झालाय? काय बघायचं, कसं विचारायचं

सांगलीत विश्रामबागेला रूम घेऊन एमपीएससी नाहीतर पोलीस भरती करणारी पोरंपोरी बघा, जत आटपाडीकडनं आलेली, वय २५-२६ आणि घरनं प्रत्येक फोनला "निकाल कधी?" बहुतेक जण तगतात. ज्याला जड जातंय, ज्याच्या डोक्यात जीव द्यायचा विचार येतोय, तो ओळखायचा कसा, एवढंच लिहितोय.

एकच कारण शोधत बसू नका. "ब्रेकअपमुळं", "नापास झाला म्हणून" हे पेपरवाल्यांचं झालं, खरं तर गोष्टी साचत जातात, डिप्रेशन, दारू, लोन ॲपचं कर्ज, लहानपणी झालेला अत्याचार, घरात आधी कुणी जीव दिलेला. सगळ्यात मोठा धोका म्हणजे त्यानं स्वतः आधी प्रयत्न केलेला असणं. "तेव्हा नाटक केलं होतं" म्हणणारे लय भेटतात, त्यांचं ऐकू नका. आणि हे सगळं जुळलं म्हणजे तो करणारच असंही नाही हां.

वागणं बघा. झोप उडाली, क्लास बंद, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय, "मी नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल" असं हसत हसत बोलतोय. लय दिवस खचलेला अचानक शांत झाला तर बरा झाला समजून सोडू नका.

मग सरळ विचारायचं, पण एकट्यात, चहाच्या गाड्यावर चौघांसमोर नाही: "जीव द्यायचा विचार येतो का रे?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट बोलून हलकं वाटतं. उत्तर आलं की लेक्चर नको, आईबापाची शपथ नको आणि "कुणाला सांगणार नाही" असलं वचन तर देऊच नका.

कसं, कधी हेपण ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, ११२ लावा नाहीतर थेट सिव्हिल गाठा. एवढं नसेल तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, स्पीकरवर टाकून दोघं मिळून लावा. पोलीस केसची भीती घालणारे असतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली आहे असं धरून त्याला उपचार द्यायचे असंच आहे.

तो गावी जाणार असेल तर घरच्यांना सांगून फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावा, किल्ली दुसऱ्याकडं, कारण जीव द्यायची ती उबळ बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. आणि ॲडमिट होऊन आला असेल तर पहिले काही आठवडे लय नाजूक असतात, गोळ्या, पुढची तारीख, रोजचा एक फोन, हे आपसात वाटून घ्या.