ओव्हरस्पीडिंगचं चलन कोर्टात लढवायचंय? आधी या चुका टाळा

एक्स्प्रेसवेवरून पुण्याहून मुंबईला जाऊन आलात, दोन दिवस झाले, आणि मोबाइलवर मेसेज येऊन पडला: घाटात वेग ८४, मर्यादा ६०, दंड २००० रुपये. संध्याकाळी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की सल्ले सुरू. मामा म्हणतात, भरू नकोस, सहा महिन्यांनी आपोआप बाद होतं. आतेभाऊ म्हणतो, लोकअदालतीत अर्ध्यात मिटतं. काकांच्या ओळखीचे एक वकील म्हणे कॅमेऱ्याची सगळी चलनं कोर्टात उडवतात. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यावर विसंबूनच लोक फसतात.

मी आजवर एक चलन निमूटपणे भरलंय आणि एक रद्द करून घेतलंय. भरलं ते माझंच होतं. दुसरं माझ्या स्कूटरच्या नावावर आलं होतं, ती ज्या शहरात कधी गेलीच नाही तिथलं. राग दोन्ही वेळेला सारखाच आला होता! म्हणून आता चलन आलं की राग बाजूला ठेवतो आणि एवढंच बघतो की कागदावर दाखवता येईल असं काही माझ्या हातात आहे का.

मेसेज खरा आहे का, हे न बघणं

यावर फार लिहायची गरज नाही. चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलवर ॲप टाकणारी फाइल) आली तर ती उघडू नका; पोलीस व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाहीत. मेसेजमधल्या लिंकवर न जाता स्वतः महाट्रॅफिकच्या किंवा परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर जा, पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा आणि गाडीचा नंबर टाका. तिथे चलन दिसलं तरच पुढचं वाचा.

आधी भरून टाकू, मग तक्रार करू

सर्वांत जास्त लोक इथे चुकतात. ‘कटकट नको’ म्हणून पैसे भरायचे आणि मग फोटो बघून ‘अहो, ही गाडी माझी नाहीच’ म्हणत तक्रार करायची. पण चलन भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड करणं. तडजोड झाली की प्रकरण तिथेच मिटतं, मग वाद कशावर घालणार? त्यामुळे क्रम उलटा ठेवा. आधी फोटो, मग पोर्टलवरची तक्रार, तिथे दाद लागली नाही तर कोर्टाचा विचार. आणि हे सगळं नोटिशीत लिहिलेल्या मुदतीच्या आत. मुदतीची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, त्यांची नजर रकमेवरच अडकते.

फोटो नीट न बघणं

पोर्टलवर चलनासोबत फोटो असतो. तो मोठा करून बघा. गाडीचा मेक, रंग, नंबर प्लेटवरचं प्रत्येक अक्षर. नंबर वाचणारा कॅमेरा बी आणि ८ यांत गल्लत करू शकतो. चिखलाने माखलेली किंवा फॅन्सी अक्षरांची प्लेट असेल तर विचारूच नका. माझ्या स्कूटरच्या चलनात फोटोत चक्क मोटारसायकल होती. पोर्टलवरच्या तक्रारीत आरसीचा आणि स्कूटरचा फोटो जोडला, चलन रद्द झालं. कोर्ट लांबच राहिलं.

फोटोतली गाडी तुमच्याच मेकची, तुमच्याच रंगाची आणि तरीही तुमची नसेल, तर मामला गंभीर आहे. कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. अशा वेळी फक्त चलन रद्द करून थांबू नका, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर हीच पोच उपयोगी पडेल.

गाडी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट हा उत्तम पुरावा आहे. टोलनाक्यावरची वेळ त्यात मिनिटासकट असते. गाडी दुरुस्तीला टाकली होती तर वर्कशॉपचं जॉबकार्ड. डॅशकॅम, म्हणजे गाडीतला कॅमेरा, असेल तर मेसेज आला त्याच दिवशी क्लिप कॉपी करून ठेवा, कारण कार्ड भरलं की जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. चलन दोन आठवड्यांनी आलं तर क्लिप गेलेली असते, मग हळहळून उपयोग नाही.

नोटिशीत काय काय हवं हेही ठरलेलं आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए हा नियम आला. त्यानुसार गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा, कोणतं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, एवढं त्यात असायला हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५बी खाली द्यायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. यातलं काही नसेल तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. पण ‘सोळाव्या दिवशी आली म्हणजे चलन आपोआप रद्द’ असं मात्र समजू नका, तो मुद्दा तुम्हाला मांडावा लागतो. आणि आधी एक तपासा: आरसीवर नोंदवलेला मोबाइल नंबर आजही तुमचाच आहे का? जुन्या नंबरवर मेसेज गेला असेल तर ‘नोटीसच मिळाली नाही’ हे म्हणणं फार टिकत नाही.

समृद्धीचा वेग एक्स्प्रेसवेवर

समृद्धी महामार्गावर सपाट पट्ट्यात कारला १२० ची मर्यादा आहे. तीच सवय घेऊन माणूस मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर येतो, जिथे सपाट भागात १०० आणि घाटात ६० आहे, आणि चलन आलं की म्हणतो, ‘एक्स्प्रेसवेला १२० चालतं, केंद्र सरकारचा नियम आहे.’ केंद्राची २०१८ ची अधिसूचना होती खरी, पण मद्रास उच्च न्यायालयाने ती २०२१ मध्ये रद्द केली. शिवाय केंद्राने ठरवली ती कमाल मर्यादा. कलम ११२ प्रमाणे एखाद्या रस्त्यासाठी त्याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे.

याच कलमात तुमच्या कामाची एक गोष्ट दडली आहे. कमी केलेली मर्यादा राजपत्रात जाहीर करावी लागते आणि रस्त्यावर तसे फलकही लावावे लागतात. शिवाय कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी इशारा देणारा फलक हवा, असं १६७ए म्हणतो. मर्यादा अचानक उतरते तिथे, म्हणजे पुलाच्या तोंडाशी, बोगद्यापाशी किंवा काम चालू असलेल्या पट्ट्यात, फलक खरंच नव्हता किंवा झाडाआड होता, तर वाद घालण्यात अर्थ आहे. त्यासाठी लवकरात लवकर त्याच दिशेने पुन्हा जा आणि शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा. गाडी चालवताना स्वतः काढलात तर आणखी एक चलन येईल. मुंबई-पुणे घाटाबद्दल मात्र हा युक्तिवाद करायला जाऊ नका. तिथे ६० चे फलक कुणालाही दिसतील इतके आहेत.

‘यंत्रच चुकलं असणार’

असेलही, पण ते नुसतं म्हणून भागत नाही. ‘माझ्या स्पीडोमीटरवर तर ९८ च होता’ हे तर तुमच्याच विरोधात जातं. गाड्यांचे स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतात. म्हणजे काट्यावर ९८ असेल तर खरा वेग त्याहूनही कमी, आणि यंत्र म्हणतंय ११५. एवढी तफावत कशी, हे तुम्हालाच समजावून सांगावं लागेल. जीपीएसवाल्या डॅशकॅमवरचा वेग असेल तर गोष्ट वेगळी.

कलम १८३ च्या पोटकलम ३ मध्ये म्हटलंय की एकट्या साक्षीदाराला ‘गाडी वेगात होती असं वाटलं’, एवढ्यावर शिक्षा होत नाही. यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने मोजमाप झालेलं हवं. म्हणजे सगळा भार त्या उपकरणावर. त्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण लागतं. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांची वैधमापन विभागाकडून पडताळणी आणि त्यावर शिक्का, हेही १ जुलै २०२५ पासून बंधनकारक आहे. भाजीवाल्याच्या काट्याला लागतो तसाच शिक्का. लेझर स्पीडगन हा वेगळा प्रकार, त्यामुळे चलन कशावरून निघालं ते आधी विचारा.

विचारायचं कसं? माहिती अधिकारात. दहा रुपयांचा अर्ज आणि नेमके तीन प्रश्न: अमुक तारखेला अमुक ठिकाणी वापरलेल्या उपकरणाचं त्या दिवशी चालू असलेलं प्रमाणपत्र, वेगमर्यादेची राजपत्रातली अधिसूचना, आणि फलकांच्या जागा. ‘कॅमेऱ्यांचा ठेका कुणाला दिला’ वगैरे आणखी पंधरा प्रश्न घालायचा मोह होतो, तो आवरा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि चलनाची मुदत त्यासाठी थांबत नाही, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघाली तर कोर्टात जाण्यात दम आहे. ते चालू असेल तर आपला मुद्दा गेला असं समजा.

‘गाडी मी चालवतच नव्हतो’

चलन मालकाच्या नावाने येतं. भाऊ चालवत होता, ड्रायव्हर चालवत होता, हे खरं असेल तर त्याचं नाव-पत्ता कळवणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे. ‘कोण चालवत होतं आठवत नाही’ हे उत्तर ऐकायला हुशारीचं वाटतं, पण अंगाशी येतं. गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, हा तर घरोघरचा किस्सा. फॉर्म २९ ची, म्हणजे गाडी विकल्याचं आरटीओला कळवणाऱ्या अर्जाची, प्रत आणि व्यवहाराचा कागद असेल तर लढा. नसेल तर आधी आरटीओत जाऊन नाव बदलून घ्या, नाहीतर पुढची चलनंही तुमच्याच नावावर येत राहतील.

मामांचे सहा महिने आणि आतेभावाची लोकअदालत

नुसत्या दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सहा महिन्यांनंतर घेत नाही, हे खरंच कायद्यात आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण पोलिसांनी त्या मुदतीत खटला दाखल केला असेल तर मामांचं गणित कोलमडतं. शिवाय पुरेसं कारण असेल तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. आणि खटला दाखल झाला नाही म्हणून पोर्टलवरची नोंद पुसली जात नाही. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघेल.

लोकअदालतीत तडजोड होते, निवाडा नव्हे. ‘मी निर्दोष आहे’ हे सांगायची ती जागा नाही. सवलत मिळेलच असं नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. जी चलनं तुमचीच आहेत, ती तिथे मिटवा. जे तुमचं नाही, ते त्या गठ्ठ्यात घालू नका.

हिशेब न मांडता ‘तत्त्वाचा प्रश्न’ करणं

खटला चालतो तो गुन्हा घडला तिथल्या कोर्टात. एक्स्प्रेसवेच्या घाटातल्या रायगडकडच्या भागातला असेल तर खालापूर, पुण्याकडचा असेल तर वडगाव मावळ. नाशिकच्या माणसाने दोन-तीन तारखांना खालापूर गाठायचं म्हणजे सुट्ट्या, पेट्रोल, टोल आणि वकिलाची फी मिळून चलनाच्या कितीतरी पट. पहिली फेरी संपेपर्यंतच चलनाची रक्कम वसूल झालेली असते, तीही खिशातूनच.

दुसरी बाजूही बघा. वेगाच्या पहिल्या गुन्ह्याला हलक्या वाहनासाठी कायद्यातला दंडच १००० ते २००० आहे. म्हणजे कोर्टात हरलात तरी त्या कलमाखाली दोन हजारांच्या वर जात नाही. खरा खर्च वेळेचा. मात्र चलनावर कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लावलेलं असेल तर हा हिशेब लागू नाही. त्यात कैदेचीही तरतूद आहे, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

टॅक्सी, ट्रक, स्कूल बस चालवणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. वेगाचा दुसरा गुन्हा ठरला की लायसन्स जमा होण्याची वेळ येते, म्हणजे चूल बंद. त्यांनी चुकीच्या चलनाशी लढायलाच हवं, मग खालापूर कितीही लांब असो. घरच्या गाडीच्या मालकाने पोर्टलवरची तक्रार जरूर करावी, ती फुकट आहे; कोर्टाची पायरी मात्र फोटो, प्लेट, फलक किंवा प्रमाणपत्र यांतलं एखादं तरी हातात असेल तेव्हाच चढावी.

कोर्टात उभं राहिल्यावर

दंडाधिकारी विचारतात, गुन्हा कबूल आहे? लढायला आलेला माणूस बावरतो आणि म्हणतो, ‘हो साहेब, पण जरा कमी करा.’ झालं, कबुली नोंदवली गेली, आणि बॅगेतलं माहिती अधिकाराचं उत्तर बॅगेतच राहिलं. लढायचं असेल तर उत्तर एकच, ‘कबूल नाही’, आणि मग कागद. रस्ता रिकामा होता, सगळेच त्या वेगाने जात होते, पोलीस दिसला नाही, हे सांगू नका. यातलं प्रत्येक वाक्य वेग जास्त होता हे मान्य करतं. दवाखान्याची घाई खरी असेल तर त्या दिवसाचा केसपेपर दाखवा, दंड ठरवताना विचार होऊ शकतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर आदेशाची प्रमाणित प्रत घेतल्याशिवाय गाव सोडू नका. पोर्टलवर चलन नंतरही ‘बाकी’ दिसत राहिलं, तर तक्रारीला जोडायला तीच लागते, आणि ती आणायला पुन्हा खालापूर गाठावं लागतं.