काजूबियांनी गेटिसबर्गची फौज कशी मांडायची

मे महिन्यात मुंबईहून पोरं गावी येतात, चार दिवस आंबे, फणस, समुद्र होतं आणि मग मोबाईल बाहेर निघतात. त्यावर हा उपाय. खळं सारवलेलं असेल आणि काजूबिया अजून व्यापाऱ्याकडे गेल्या नसतील, तर अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग या गावाजवळ लढलेली फौज खळ्यात मांडता येते, आणि कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड हा सगळा घोळ एकदाचा सुटतो.

फक्त जनरलपासून सुरू करू नका. सगळे तिथेच चुकतात, वरून तक्ता काढत खाली येतात आणि तिसऱ्या ओळीला पोरं पळतात. एक रेजिमेंट धरायची आणि तिचं बोट धरून वर चढायचं.

सामान साधं. पायदळाला सुक्या काजूबिया, एक बी म्हणजे १०० माणसं. तोफांना सुपाऱ्या, घोडदळाला चिंचोके, आणि रंगांसाठी काव, रांगोळी, नीळ.

आता रेजिमेंट. कागदावर एका कंपनीत १०० च्या आसपास माणसं, वर एक कॅप्टन, दोन लेफ्टनंट, अशा १० कंपन्यांची एक रेजिमेंट, तिचा कर्नल. कंपनीतली माणसं बहुतेक एकाच गावची किंवा शेजारपाजारची, आणि सुरुवातीला तर बऱ्याच ठिकाणी कॅप्टन मतं घालून निवडायचे, म्हणजे वाडीच्या टेनिसबॉल टीमचा कॅप्टन ठरतो तसंच. आपण २० वी मेन घेऊ, उत्तरेच्या मेन राज्याची, कर्नल जोशुआ चेंबरलेन, हा युद्धाआधी कॉलेजात प्रोफेसर होता. १० बिया ठेवा. मग त्यातल्या ६ उचला, कारण गेटिसबर्गला तिच्याकडे जेमतेम ३८६ माणसं होती. पोरं विचारणारच बाकीचे कुठे गेले. काही लढाईत, त्याहून जास्त आजारपणात, आणि मुख्य म्हणजे नवीन भरती जुन्या रेजिमेंटमध्ये न घालता राज्यांचे गव्हर्नर नवी रेजिमेंटच उभी करायचे, कारण नव्या रेजिमेंटला नवे अधिकारी लागतात आणि ती पदं वाटायची सोय त्यांच्या हातात राहायची. हे पोरांना बरोब्बर कळतं!

त्या ४ बियांशेजारी ८३ वी पेनसिल्व्हेनिया, ४४ वी न्यूयॉर्क आणि १६ वी मिशिगन ठेवा, सगळ्या मिळून १३ बियांची ब्रिगेड झाली. तिचा प्रमुख स्ट्राँग व्हिन्सेंट. खरं तर ब्रिगेडला ब्रिगेडियर जनरल पाहिजे, पण हा कर्नलच होता, असं सर्रास चालायचं. २ जुलैला लिटल राउंड टॉप टेकडीवर तो जबर जखमी होऊन पडला तेव्हा ४४ वीचा कर्नल जेम्स राइस याने ब्रिगेड हातात घेतली. म्हणून अधिकाऱ्यांची नावं वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, सरकवता आली पाहिजेत. आणि २० वी मेन सगळ्यात डावीकडे ठेवायची, अख्ख्या फौजेचं टोक तेच, म्हणून तर गोळ्या संपत आल्यावर चेंबरलेनने मागे न हटता संगिनी लावून खाली उतरायचा हुकूम दिला.

वर चढू. तीन ब्रिगेडची ही डिव्हिजन, जेम्स बार्न्सची. अशा तीन डिव्हिजनची ५ वी कोअर, तिचा मेजर जनरल जॉर्ज साइक्स. इथे रंग काढा. १८६३ च्या वसंतात उत्तरेच्या या फौजेत प्रत्येक कोअरला खूण मिळाली, ५ वीला माल्टीज क्रॉस, ११ वीला चंद्रकोर, १२ वीला तारा, आणि रंग डिव्हिजनप्रमाणे, पहिलीला लाल, दुसरीला पांढरा, तिसरीला निळा. म्हणजे आपल्या माणसांच्या टोपीवर लाल क्रॉस, तो कावेने काढायचा. माणूस कुठला हे लांबून ओळखू यावं एवढाच हेतू.

बाकीच्या सहा कोअर रेजिमेंटपर्यंत मांडायच्या भानगडीत पडू नका. नव्वद हजारांच्या वर माणसं, म्हणजे ९०० बिया, आणि आजीने वजन करून ठेवलेलं असतं. प्रत्येकीच्या डिव्हिजनपुरत्या चिठ्ठ्या बास. सगळ्यांच्या वर जॉर्ज मीड, ज्याला ही फौज २८ जूनला, लढाईच्या तीन दिवस आधी मिळाली. तोफांची एक सुपारी म्हणजे एक बॅटरी, तोफांची एक तुकडी, उत्तरेची बहुतेक ६ तोफांची, दक्षिणेची ४ ची.

समोरची, म्हणजे दक्षिणेची बाजू पटकन होते. वर रॉबर्ट ली, खाली तीन कोअर, लाँगस्ट्रीट, यूएल आणि ए. पी. हिल. आधी दोनच होत्या, मे महिन्यात त्यातल्या एकीचा प्रमुख ‘स्टोनवॉल’ जॅक्सन वारल्यावर लीने त्यांच्या तीन केल्या. यांच्या कोअर कमी पण मोठ्या, त्यामुळे कोअरला कोअर लावून तुलना केलीत तर फसाल. ब्रिगेडला नंबर नाही, प्रमुखाचं नाव, आणि माणूस गेला तरी कधीकधी नाव तसंच. जॅक्सनची जुनी ब्रिगेड स्टोनवॉल म्हणूनच लढली.

लीच्या घोडदळाचे चिंचोके मात्र डब्यातच ठेवा. घोडदळाचा प्रमुख जेब स्टुअर्ट लांबचा फेरा मारत बसला होता, तो २ जुलैला आला, तोपर्यंत लीला समोर किती बिया आहेत ते नीट माहीत नव्हतं. जो पोरगा ली होईल त्याला पहिला दिवस मीडची बाजू चादरीखाली झाकून खेळायला लावा, चिडचिड करेल, करू दे.