डॉक्युमेंटेशननं (कोड कसा वापरायचा ते सांगणाऱ्या माहितीनं) डोकं फिरवलं की आधी व्हर्जन बघा
आमच्याकडं परभणीत पोरं कुठल्यातरी जुन्या पीडीएफ नोट्समधला कोड टाकतेत आन एरर आला की "कामून चालंना" म्हणून उगं बसून राहतेत. आधी तुमच्या मशीनवर लायब्ररीचं (म्हंजे दुसऱ्यानं लिहून ठिवलेल्या तयार कोडचं) कोणतं व्हर्जन हाय ते प्रिंट करून बघा आन डॉक्सच्या (डॉक्युमेंटेशनच्या) पानावर व्हर्जन निवडायचा ड्रॉपडाउन असंल तर तेच निवडा. पायथॉनच्या पांडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीचंच घ्या, डेटाफ्रेमचं (म्हंजे डेटाच्या तक्त्याचं) ओळी जोडायचं अपेंड २०२३ च्या २.० व्हर्जनमधून काढूनच टाकलं, आता त्यासाठी कॉन्कॅट वापरायचं, पण नोट्समधे अजून अपेंडच. आन डॉक्समधे नीट उदाहरणच नसंल (लिहिणाऱ्याला सगळं पाठ असतंय ना!) तर लायब्ररीच्या सोर्समधलं (मूळ कोडमधलं) टेस्ट्सचं, म्हंजे कोड तपासायच्या चाचण्यांचं, फोल्डर उघडा, फंक्शनला काय दिलं की काय परत येतंय ते तिथं सरळ दिसतंय.