बेसिन तुंबतंय? ॲसिड राहू द्या, आधी बादली लावा

दात घासताना नळ चालू ठेवला की बेसिनमध्ये पाणी चढतं. चूळ भरेपर्यंत फेस अर्ध्यावर येतो. सगळं पाणी गेल्यावर तळाशी राखाडी कडं उरतं. बेसिन पुरतं तुंबायच्या आधी हा प्रकार महिनोन् महिने चालतो. मग एक दिवस घरातलं कोणीतरी वैतागून ॲसिडची बाटली आणतं आणि ओतून मोकळं होतं. काय अडकलंय आणि कुठे अडकलंय, हे तोवर कुणी बघितलेलंही नसतं.

काय अडकलंय याचा अंदाज सोपा आहे. केस, साबण, टूथपेस्ट, दाढीचा फेस आणि वेणीफणी बेसिनसमोर होत असेल तर खोबरेल तेल. एक केस जाळीच्या दांडीला अडकतो, त्याला साबणाचा चिकटा धरतो, त्या चिकट्याला पुढचा केस. घरात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे आणखी लवकर होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. आंघोळीच्या बादलीला आतून जो पांढरट थर चढतो, तोच हा.

कुठे अडकलंय, हे मात्र बघावं लागतं.

बादलीची परीक्षा

आपल्याकडच्या बहुतेक घरांत बेसिनखाली बाटलीसारखा दिसणारा बॉटल ट्रॅप असतो आणि त्यातून निघालेला वेस्ट पाईप भिंतीत जातो, नाहीतर जमिनीवरच्या जाळीतून नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी जाणाऱ्या भांड्यात, सोडलेला असतो. काही ठिकाणी ट्रॅपच नसतो, नुसता वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल पाईप.

पाईप जमिनीच्या जाळीत जात असेल तर तो हळूच उपसून काढा, टोक बादलीत धरा आणि वर नळ पूर्ण सोडा. बादलीत पाणी जोरात आलं आणि बेसिन भराभर रिकामं झालं, तर बेसिन, ट्रॅप, पाईप सगळं ठीक आहे. दोष जमिनीखाली आहे. बादलीतही रडत रडतच आलं, तर अडथळा वरच आहे आणि तो तुमच्या हाताच्या टप्प्यात आहे. दोन मिनिटांचं काम, पण पुढची निम्मी मेहनत वाचते.

याच परीक्षेत आमच्या घरचा एक गमतीशीर दोष सापडला होता. पाईप नहाणी ट्रॅपमध्ये इतका खोल खुपसलेला होता की त्याचं तोंड तळाला टेकलं होतं. चार बोटं वर ओढला आणि बेसिन सुरळीत झालं. त्याआधी दोन वेळा जाळी साफ करून झाली होती, हे सांगायला नको.

जाळीतला गुंता

अडथळा वर असेल तर आधी बेसिनच्या जाळीत बघा. मोबाईलचा टॉर्च लावला की काळा पुंजका दिसतोच. खराट्याचा एखादा हिर टोकाशी वाकवून आकडी करा, किंवा पातळ तार घ्या. हार्डवेअरच्या दुकानात दातेरी प्लॅस्टिकची लांब पट्टीही मिळते. आत घालून गोल फिरवा आणि सावकाश वर ओढा. हिसका दिला तर गुंता तुटून खाली जातो. हातात जे येईल त्याला वास असणार, तेव्हा जुनी पिशवी आधीच उघडून ठेवा. निघालेले केस कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नको.

दाबल्यावर उघडबंद होणारं झाकण असेल, तर ते वर उचलून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बऱ्याच बनावटींत ते आट्यांवर असतं आणि निघून येतं. त्याच्या दांड्यावर केसांची अशी शेपटी लोंबत असते की बेसिन बंद पडलं नाही याचंच नवल वाटावं.

बॉटल ट्रॅप

जाळी साफ करूनही फरक नसेल तर ट्रॅप उघडायचा. याची लोकांना उगाच धास्ती वाटते. वरून येणारी नळी ट्रॅपच्या तळाच्या वाटीत बुडलेली असते आणि पाणी बाजूने वरच्या तोंडातून बाहेर पडतं, त्यामुळे वाटीत नेहमी थोडं पाणी उरतं. ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. जड कचरा त्याच वाटीत बसतो आणि केस मधल्या नळीभोवती गुंडाळले जातात.

खाली बादली ठेवा. नळ बंद करा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. खालची वाटी हाताने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. घट्ट असेल तर रबरी हातमोजा घाला किंवा कोरडं फडकं गुंडाळा. पितळी ट्रॅपवर पाना लावायची वेळ आलीच तर मध्ये फडकं हवंच, नाहीतर क्रोमवर ओरखडे उठतात. प्लॅस्टिकच्या ट्रॅपला पाना लावूच नका, वाटी तडकते.

वाटी सुटली की काळं, बुळबुळीत पाणी बादलीत पडेल. ते आधी गाळून बघा. आमच्या वाटीत एकदा टूथपेस्टचं टोपण आणि सहा महिन्यांपूर्वी हरवलेली चमकी निघाली होती. मधली नळी जुन्या टूथब्रशने आतबाहेर घासा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बादली किंवा वाटी त्याच बेसिनमध्ये धुऊ नका! खाली ट्रॅप नाही. मी एकदा मोठ्या उत्साहाने बादली बेसिनमध्ये ओतली आणि सगळं माझ्याच पायांवर आलं.

परत बसवताना वायसर पुसून त्याच्या खाचेत नीट बसवा. तो कडक झाला असेल किंवा चिरला असेल तर बदला. वाटी आधी उलटी थोडी फिरवा. आटे जागेवर आले की बारीकसा ठेका जाणवतो. मग सुलट आवळा, हाताने जेवढं आवळेल तेवढंच. नंतर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि सांध्याखाली वर्तमानपत्राचा कपटा धरा. गळती असेल तर कागदावर लगेच डाग उमटतो, नुसत्या डोळ्यांना तो थेंब दिसत नाही.

फ्लेक्सिबल पाईप आतून साक्याने भरला असेल तर तो घासत बसू नका. त्या वळ्यांतून मळ पूर्ण निघत नाही आणि नवा पाईप स्वस्तात मिळतो. बसवताना मध्ये झोळ पडू देऊ नका.

पंप, गरम पाणी आणि बाटल्या

रबरी पंप उपयोगी आहे, पण बेसिनच्या काठाखालचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद केलं तरच. नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. रबर बुडेल इतकं पाणी ठेवा आणि दहा-पंधरा वेळा दाबून ओढा. नंतर खालचे सांधे तपासा.

गरम पाणी ओता, पण आंघोळीला घेतो त्याहून थोडंच कढत. उकळतं पाणी पीव्हीसी पाईप मऊ करतं आणि थंड चिनीमातीच्या बेसिनला तडाही जाऊ शकतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला झकास असतो. थोडा चिकटा सुटेलही, पण केसांचा गुंता त्याने सुटत नाही.

कॉस्टिक सोड्याची पावडर केस आणि तेलकट मळ खरंच विरघळवते. ती शेवटी वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. पाण्यात पडली की ती तापते आणि ॲल्युमिनियमशी तिचं जमत नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. ती आत असताना पंप मारला तर उडणारा थेंब डोळ्यात जाऊ शकतो. ॲसिड क्रोम आणि पितळ खातं. आणि ॲसिडवर ब्लीच कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लहानशा बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

दोष खाली असेल तर

जमिनीवरची जाळी उचलून नहाणी ट्रॅपमधले केस काढा. तरीही पाणी तुंबत असेल, कमोडमध्ये गुडगुड आवाज येत असेल किंवा खालच्या मजल्यावरही तीच तक्रार असेल, तर अडथळा बहुधा इमारतीच्या उभ्या पाईपमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. ते काम सोसायटीचं. अडथळा तुमच्याच पाईपमध्ये भिंतीआड असेल तर प्लंबर बोलवा आणि फोनवर एवढंच सांगा: ‘ट्रॅप साफ केलाय, बादलीत पाणी जोरात येतं, पुढे तुंबतंय.’ म्हणजे तो येताना पाईपमध्ये घालायची लांब स्प्रिंग घेऊनच येईल.