ऊष्मागतिकीची गणिते आणि प्रयोगातली आकडेमोड: या चुका टाळा

रत्नागिरीकडच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी एक उत्तर मला हमखास भेटते: पाण्याचा उत्कलनबिंदू ०.३७ केल्विन. प्रश्न सोपा असतो. पाण्याच्या बाष्पीभवनाची एन्थाल्पी, म्हणजे त्यासाठी लागणारी उष्णता, दर मोलला ४०.७ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील, म्हणजे कणांच्या अव्यवस्थेतील, वाढ दर मोलला, दर केल्विनला १०९ ज्यूल दिलेली असते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की प्रक्रिया आपोआप घडेल का हे सांगणाऱ्या गिब्ज ऊर्जेतील बदल ज्या तापमानाला शून्य होतो ते तापमान, म्हणजेच उत्कलनबिंदू, मिळतो. विद्यार्थी किलोज्यूलचे ज्यूल न करताच भागाकार करतो, उत्तराखाली दोन रेघा ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ४०,७०० ला १०९ ने भागले असते, तर ३७३ केल्विन आले असते. हजाराने गुणायचे राहून गेले याचा मला राग येत नाही, कारण ते माझ्याकडूनही राहते. राग याचा येतो, की ज्याच्या घरी रोज पेजेचे आधण ठेवले जाते, त्याला निरपेक्ष शून्याला टेकून उकळणारे पाणी खटकत नाही. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी दिलेले सर्व आकडे ज्यूलमध्ये लिहून काढावेत आणि प्रत्येक ओळीत एकक आकड्यासोबत वागवावे, ही माझी सवय आहे. शिकवणीवर्गातून ‘एकक शेवटी लावायचे’ हा शॉर्टकट शिकून आलेल्यांना ती वेळखाऊ वाटते, आणि ०.३७ केल्विन बहुधा त्यांच्याच वहीत सापडते.

सक्रियण ऊर्जेच्या, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या, गणितात याच उतावीळपणाचे दुसरे रूप दिसते. तापमान २५ वरून ३५ अंश सेल्सियसवर नेल्यावर अभिक्रियेचा वेग दुप्पट झाला, तर सक्रियण ऊर्जा दर मोलला सुमारे ५३ किलोज्यूल येते. तापमान केल्विनमध्ये न बदलता तसेच घातले, तर उत्तर जेमतेम अर्धा किलोज्यूल येते. ही चूक निदान पकडता तरी येते. दुसरी त्याहून लबाड आहे. या सूत्रात केल्विनमधल्या दोन तापमानांच्या व्यस्तांची वजाबाकी असते; एक भागिले २९८ आणि एक भागिले ३०८ यांची उत्तरे ०.००३४ आणि ०.००३२ अशी आटोपशीर लिहिली, की त्यांच्यातला फरक जवळजवळ दुप्पट होतो आणि सक्रियण ऊर्जा २९ किलोज्यूलवर उतरते, जी दिसायला अगदी सभ्य असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी करायची असेल, तर त्या आधी कधीही छाटू नयेत. पूर्णांकन फक्त शेवटच्या ओळीत करावे.

आता ज्या चुकीसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे वळते. जुलै महिन्यात मेथिल अॅसिटेटच्या जलअपघटनाचा, म्हणजे पाण्याने त्याचे विघटन होऊन आम्ल तयार होण्याचा, प्रयोग चालू होता. ठरावीक वेळाने मिश्रणातून थोडा भाग काढून सोडियम हायड्रॉक्साइडशी त्याचे टायट्रेशन करायचे (म्हणजे त्यातले आम्ल संपवायला त्याचे किती मिलिलिटर द्रावण लागते ते मोजायचे), अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचे अंतिम रीडिंग घ्यायचे, त्यातून प्रत्येक रीडिंग वजा करून लॉगॅरिदमचा आलेख काढायचा आणि उतारावरून वेग स्थिरांक, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचे माप, काढायचा, अशी त्याची रीत आहे. एका विद्यार्थ्याने आणलेला आलेख इतका सरळ होता, की मला शंका आली, कारण त्याच्या वहीत आठ रीडिंग्ज होती आणि आलेखावर पाचच बिंदू होते. विचारल्यावर तो म्हणाला, “मॅडम, शेवटचे तीन पॉइंट रेषेवर बसत नव्हते, म्हणून काढले. आता आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर येतो.” आर-स्क्वेअर म्हणजे बिंदू रेषेशी किती जुळतात याचे माप; पूर्ण जुळले की ते एक येते.

ते तीन बिंदूच खरे बोलत होते. अंतिम रीडिंग त्याने दुसऱ्या दिवशी घेतले होते आणि मधल्या वेळेत बाटलीतले सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण संपल्यामुळे नवे करून भरले होते. आपल्याकडे पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तिथे सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांची काय कथा. तेवढ्याच वजनात क्षार कमी आणि ओल जास्त भरली, द्रावण फिके झाले आणि अंतिम रीडिंगला ३८.० मिलिलिटरऐवजी ३९.५ मिलिलिटर लागले. सुरुवातीच्या रीडिंगला वजाबाकी १२.० ऐवजी १३.५ येते, ते फारसे जाणवत नाही. पण शेवटी २.० च्या जागी ३.५ येते आणि रेषा वाकते. वाकलेला भाग कापून टाकल्यावरही उरलेल्या सरळ रेषेतून वेग स्थिरांक सुमारे पंधरा टक्के कमीच निघत होता, म्हणजे आर-स्क्वेअर सुधारला तरी उत्तर चुकीचेच राहिले. शेजारच्या टेबलावर आदल्या दिवशीचे थोडे द्रावण शिल्लक होते, म्हणून निभावले. त्याने अंतिम रीडिंग पुन्हा घेतल्यावर आठही बिंदू रेषेवर आले. तेव्हापासून प्रयोग संपेपर्यंत बाटली बदलू द्यायची नाही, आणि बदललीच तर नवे द्रावण ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित केल्याशिवाय, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासल्याशिवाय, वापरू द्यायचे नाही, असा माझा दंडक आहे. कोणाला बिंदू वगळायचाच असेल, तर त्याने तो आलेखावर ठेवून त्याभोवती वर्तुळ काढावे आणि समासात कारण लिहावे. ‘रेषेवर बसत नाही’ हे कारण मी मान्य करत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगते. मूलद्रव्याची प्रमाण निर्मिती एन्थाल्पी शून्य असते, म्हणून त्याची एन्ट्रॉपीही शून्य धरू नये. २९८ केल्विनला ऑक्सिजन वायूची प्रमाण एन्ट्रॉपी दर मोलला, दर केल्विनला २०५ ज्यूल असते. समतोलाला गिब्ज ऊर्जेतील बदल शून्य होतो. प्रमाण गिब्ज ऊर्जेतील बदल शून्य व्हायला समतोल स्थिरांक एक असावा लागतो. नैसर्गिक लॉगऐवजी दहाच्या पायाचा लॉग घेतला असेल, तर २.३०३ ने गुणायला विसरू नये. प्रणालीवर केलेले काम धन की प्रणालीने केलेले, हे उत्तरपत्रिकेच्या पहिल्या ओळीत लिहावे, कारण जुन्या पुस्तकांतला संकेत आजच्या संकेताच्या उलट आहे.

तापमापी न पाहता जर्नलमध्ये २५ अंश लिहिणे तर इतके रुळले आहे, की त्याला कोणी चूक म्हणत नाही. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत ३२ अंश असतात. वर सांगितलेल्या ५३ किलोज्यूलच्या अभिक्रियेचा वेग तेवढ्या फरकाने दीडपटीहून जास्त होतो. मग उत्तर पुस्तकाशी जुळत नाही आणि दोष ब्युरेटच्या गळक्या तोटीला दिला जातो.