सॉसच्या बाटलीतला मासा: शाकाहारी पर्याय कसे शोधावेत

आमच्याकडे जेवायला आलेल्या एका पाहुण्यांनी सूपवर सॉस घालण्याआधी बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला आणि काही न बोलता ती जागेवर ठेवून दिली. वूस्टरशर सॉस होता. त्यात अँकोव्ही असतात, म्हणजे मुरवलेले छोटे मासे. मी तो चार वर्षं बिनधास्त वापरत होते. भांड्यात चमचाभरच पडणाऱ्या गोष्टीकडे कोणी संशयाने बघत नाही, त्यामुळे अशा वस्तू शाकाहारी स्वयंपाकघरात बिनबोभाट शिरतात.

आधी बाटली फिरवा

काही नावं लक्षात ठेवली तर निम्मं काम होतं. वूस्टरशर आणि सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही. पोन्झू या जपानी आंबट सॉसमध्ये बहुधा बोनिटो माशाचा अर्क. ऑयस्टर सॉसचं नावच सगळं सांगतं. थाई करी पेस्ट आणि सांबाल ही इंडोनेशियन मिरचीची चटणी यांत सहसा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, आणि ती बेलाचान, कापी, तेरासी अशा नावांनी लिहिलेली असली की चटकन ओळखू येत नाही. किमची या कोरियन लोणच्यात खारवलेले मासे किंवा कोळंबी घालतात. पेस्टो ही बेसिलची इटालियन चटणी तर हिरवीगार दिसते, पण तिच्यातलं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असू शकतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोच्या बाबतीत तर तसा नियमच आहे.

अनेक देशांत ॲलर्जी होऊ शकणारे घटक लेबलवर ठळक अक्षरांत छापावे लागतात. मासे, कोळंबी, शिंपले, अंडी हे त्यामुळे लगेच दिसतात. मात्र तेवढ्यावर विसंबू नका. जिलेटिन आणि किड्यांपासून काढलेला कार्माइन हा लाल रंग (ई१२०) सहसा त्या यादीत नसतात, म्हणून ते साध्या अक्षरांत लपून राहतात. ई६३१ म्हणजे इनोसिनेट, चव वाढवणारा घटक. ते मांस-माशांपासूनही निघतं आणि वनस्पतिजन्य पिठूळ पदार्थ आंबवूनही. लेबलवर स्रोत नसेल तर उत्पादकाला विचारणं एवढाच मार्ग.

आणखी एक अडचण शब्दाची. 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या मेयोनेजमध्ये अंडं असू शकतं, कारण जगात बऱ्याच ठिकाणी अंडं खाणाऱ्यालाही शाकाहारी म्हणतात. अंडं चालत नसेल तर 'व्हीगन' लिहिलेली बाटली घ्या. मोहरीची पेस्ट आणि टोमॅटो केचप बहुतेक वेळा निर्धोक असतात, त्यांच्यात फार वेळ घालवू नका.

मग तो सॉस काय काम करतो ते बघा

माझी सुरुवातीची चूक अशी की मी माशासारखी चव शोधत बसले. पदार्थाला हवा असतो तो खारटपणा, आंबटपणा, दाटपणा, किंवा जिभेवर रेंगाळणारी ती भरीव चव, जिला उमामी म्हणतात. यातलं नेमकं काय हवंय ते ठरलं की पर्याय आपोआप सुचतो.

उमामीचं मूळ आपल्या बाजूने आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ही चव ग्लुटामेटची आहे हे शोधलं, तेही कोंबू या समुद्री शेवाळातून. बोनिटो माशातलं इनोसिनेट १९१३ मध्ये सापडलं. पुढे १९५७ च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची चव ओळखली. हे ग्वानिलेट वाळवलेल्या शिताके अळिंबीत भरपूर असतं. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की दोघांच्या बेरजेपेक्षा चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणून कोंबू आणि वाळवलेली शिताके ही जोडी घरात असली की माशाची उणीव फारशी जाणवत नाही.

फिश सॉसऐवजी

दोन कप गार पाण्यात बोटभर लांबीचा कोंबूचा तुकडा आणि चार-पाच वाळवलेली शिताके रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. सकाळी मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्या. उकळला की बुळबुळीत आणि कडवट होतो. अळिंबी पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या, गाळा, आणि पाणी आटवून अर्ध्या कपावर आणा. त्यात दोन मोठे चमचे सोया सॉस, एक लहान चमचा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) आणि तीन-चार लहान चमचे मीठ घाला. मीठ बघून दचकू नका, फिश सॉस तितकाच खारट असतो आणि तो थेंबाथेंबानेच वापरायचा असतो. दोन खबरदाऱ्या: काही तयार मिसोत बोनिटोची दाशी, म्हणजे माशाचं सार, आधीच मिसळलेली असते, तेव्हा तेही लेबल वाचा. आणि कोंबूत आयोडीन खूप असतं, थायरॉइडचा त्रास असेल तर तो वगळून नुसत्या अळिंबीवर भागवा.

गाळून उरलेली अळिंबी फेकू नका. तीच बारीक चिरून, थोडं भिजवणाचं पाणी, सोया सॉस आणि साखर घालून आटवली, वाटली आणि कॉर्नफ्लॉवरने दाट केली की ऑयस्टर सॉसची जागा घेते. 'मशरूम सॉस' किंवा 'व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस' नावाने तो बाटलीबंदही मिळतो, आणि खरं सांगायचं तर विकतचा माझ्या घरच्यापेक्षा चांगला लागतो.

कोळंबीच्या पेस्टला मिसो किंवा आंबवलेल्या सोयाबीनची कुठलीही पेस्ट चालते. तेवढ्याच मापाने घ्या आणि तेलात परतून घ्या, कच्ची घातली तर तिचा वास वेगळा काढता येतो.

वूस्टरशर घरी

हा सोपा आहे, कारण त्याची खरी चव चिंच, काकवी आणि व्हिनेगरची. चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा चिंचेचा दाट कोळ, एक चमचा काकवी, ठेचलेली लसणीची पाकळी, एक लवंग, चिमूटभर मिरपूड आणि मोहरीची पूड. पाच मिनिटं उकळा, गाळा, बाटलीत भरा. त्याच दिवशी चाखाल तर निराश व्हाल, नुसतं व्हिनेगर नाकात जातं. दोन दिवस मुरू द्या.

अंड्याविना मेयोनेज

अंड्याचं काम इथे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचं. ते काम सोया दूध उत्तम करतं. बदामाचं किंवा ओट्सचं दूध तितकं भरवशाचं नाही. अर्धा कप बिनसाखरेचं सोया दूध, एक कप वास नसलेलं तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, लहान चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ. सगळं एकाच तापमानाचं हवं. अरुंद, उंच भांड्यात ओता, हँड ब्लेंडर तळाला टेकवा आणि तळाशी पांढरं दाट होईपर्यंत अजिबात उचलू नका, मग हळूहळू वर घ्या. उतावीळपणे वरखाली केलंत की फाटतं. फाटलं तर स्वच्छ भांड्यात दोन चमचे सोया दूध घेऊन त्यात फाटलेलं मिश्रण थोडं थोडं घालत पुन्हा फिरवा.

सोया नको असेल तर छोले शिजवलेलं दाट पाणी घ्या. फ्रेंच संगीतकार जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, आणि पुढच्या वर्षी त्याला 'अक्वाफाबा' हे नाव मिळालं. पाव कप पाण्याला पाऊण कप तेल. अंड्याचा वास हवासा वाटत असेल तर साध्या मिठाऐवजी काळं मीठ. त्यातलं गंधक ते काम करतं.

सीझर ड्रेसिंगला हेच मेयोनेज, वाटलेले केपर्स (खारवलेल्या कळ्या) आणि वरचा वूस्टरशर पुरतो. पेस्टोत सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं चीज किंवा चीजसारख्या चवीचं न्यूट्रिशनल यीस्ट घाला.

सुक्या शिंपल्यांचा आणि हॅमचा एक्सओ सॉस मात्र मला आजवर जमलेला नाही. अळिंबी तळून केलेला चवीला छान होता, पण तो वेगळाच सॉस झाला आणि आता मी त्याला वेगळ्याच नावाने बरणीत भरते. कुठलाही पर्याय पहिल्यांदा वापरताना पाककृतीतल्या मापाच्या पाऊणपटच घाला, चाखा, मग वाढवा. सोया सॉसचा रंग आणि खारेपणा मागे घेता येत नाही. घरचं मेयोनेज फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. बरणीवर तारीख लिहायला विसरू नका.